पऱ्या पाईपात बसत नाही

आज सकाळी दूध आणायला खालच्या वाडीत गेले तर पऱ्यात, म्हणजे आमच्या पावसाळी ओढ्यात, जेसीबी उतरलेला. दोन्ही काठांचे जुने जांभ्याचे बांध उकलून टाकलेत, करवंदीची जाळी मुळासकट उपटून पडलीय आणि पात्रात सिमेंटचे दोन फुटी पाईप ओळीने मांडून ठेवलेत. त्यावर भराव होणार, भरावावर काँक्रीट आणि काँक्रीटवर गाड्यांचं पार्किंग. कामावरच्या माणसाला विचारलं, पावसाचं पाणी एवढ्याशा पाईपातून जाणार कसं? तो म्हणाला, "ताई, पाणी आहेच कुठे? कोरडा तर पडलाय."

मे महिना चालू आहे! मे महिन्यात आपल्याकडचा कुठला पऱ्या वाहतो?

तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबलंय, तरी वाचा.

२२ जुलै २०२१, महापुराचा दिवस. चिपळूणच्या लोकांना पुढचं काही सांगायला नको. माझी मावशी तिथे बाजारपेठेच्या मागच्या अंगाला राहते. त्या रात्री ती पुढच्या दारावर नजर ठेवून जागी होती, कारण २००५ ला पाणी पुढच्या रस्त्यानेच आलं होतं. सामान वर ठेवलं, उंबऱ्याशी गोणपाटं दाबून बसवली. आणि पाणी आलं ते मागनं, आधी न्हाणीच्या मोरीतून आणि मग परसदारातून. घरामागे पूर्वी वहाळ (छोटा ओढा) होता. त्याचं आधी गटार झालं, मग गटारावर स्लॅब पडला, मग बाजूला बिल्डिंग उभी राहिली. वाट बंद झाली म्हणून पाणी यायचं थोडंच थांबतं! मावशी आणि काका माळ्यावर जाऊन बसले, खाली फ्रिज तरंगत होता. रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही पोचलो तेव्हा तांदळाच्या पिंपात चिखल, शिलाई मशीनच्या खणात चिखल, गणपतीच्या चौरंगावर चिखल. मावशी रडली नाही. एवढंच म्हणत होती, "मागनं आलं गो, मागनं आलं."

लगेच कोणीतरी खाली लिहील की पूर काय एका वहाळामुळे आला का. नाही आला. पाऊस भयंकर होता, कोयना धरणाचं वीज करून सोडलेलं पाणी चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतच येतं, आणि खाडीला भरती असली की नदीचं पाणी पुढे सरकत नाही. सगळं मान्य. पण जिथे हे सगळं एकाच रात्री जुळून येऊ शकतं, तिथे पाण्याला जागा जास्त ठेवायची की होती तीही बुजवायची? नदीतला गाळ काढा म्हणून लोकांना आंदोलनाला बसावं लागलं, तेव्हा यंत्रं हलली. मग बांधकामाला बंधन घालणारी निळी आणि लाल पूररेषा आली आणि तिलाही विरोध झाला. ज्याचं आयुष्यभराचं दुकान त्या रेषेच्या आत गेलं त्याला मी काय बोलणार. पण रेषा पुसली म्हणून पाणी अडत नाही, हे मावशीच्या भिंतीवरचा डाग बघितलेल्या कोणालाही कळतं.

आता मुंबई-गोवा हायवे. २०११ पासून आपण चौपदरीकरण बघतोय. तेव्हा पहिलीत गेलेली पोरं नोकरीला लागायची वेळ आली. वडाची, आंब्याची, चिंचेची जुनी झाडं सगळ्यात आधी गेली, त्यात मात्र एक दिवसाचा उशीर झाला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळुणात बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. परशुराम घाट काम करण्यासाठी रोज काही तास बंद ठेवावा लागला, आणि तरी दरडी आल्याच. रस्ता नको असं मी म्हणत नाही. वहिनीला कळा सुरू झाल्यावर त्या खड्ड्यांतून रत्नागिरीला नेलंय आम्ही, त्यामुळे रस्त्याची किंमत मला शिकवू नका. माझं म्हणणं भरावाबद्दल आहे. मळ्यातून दहा-बारा फूट मातीचा भराव घालून रस्ता नेला आणि पाणी जायला रस्त्याखालून मोऱ्या ठेवताना हात आखडला, तर तो रस्ता नसतो, धरण असतं. वरच्या बाजूचं भात कुजतं आणि खालच्या बाजूची विहीर आटते.

आपल्या म्हाताऱ्यांनी गाव कसं बसवलं होतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. वर सडा (डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार), तो गुरांना. कातळावर पडलेलं पाणी जांभ्यातून झिरपून खाली झऱ्याला यायचं. घरं डोंगराच्या पायथ्याला उतारावर, पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) दोन्ही अंगांना. त्याखाली आगर (नारळी-पोफळीची बाग), त्याखाली भाताचा मळा, आणि खाडीला लागून खाजण (भरतीचं पाणी येणारी खारी जमीन) आणि कांदळवन, जिथे कोणी घर बांधायचं नाही. मळ्यात घर बांधतो म्हटलं असतं तर घरच्यांनी वेड्यात काढलं असतं. आज मळा रस्त्याला लागून आणि सपाट, म्हणून पहिला तोच एनए (बिनशेती) होतो. सड्यावर चिरेखाणी, नाहीतर बंगल्यांचे प्लॉट. खाजणात डंपर रिकामे होतात. वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिलमध्ये टँकर फिरतात, ते उगाच नाही.

पश्चिम घाट कसा राखायचा यावर माधव गाडगीळांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्यांना मुद्दाम अभ्यासायला सांगितले होते. त्यात म्हटलं होतं की काय करायचं ते ग्रामसभेला विचारून ठरवा. विकास अडेल म्हणून आपल्याकडेही ओरड झाली, आणि तो बाजूला पडला. आता कोकणच्या किनाऱ्याने जाणारा रेवस-रेडी सागरी महामार्ग येतोय. पूल होतील, गाड्या येतील, हॉटेलं येतील. येऊ देत की. पोरांना मुंबईच्या खोलीत दहा जणांत झोपावं लागणार नसेल तर मला आनंदच आहे. पण त्या पुलांच्या दोन्ही टोकांना जी गावं फुगणार आहेत, त्यांचे पऱ्ये कोण मोजून ठेवणार?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. मघापासून चढणीचे मासे डोळ्यांसमोर येतायत. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की ते याच पऱ्यातून उलटे वर मळ्यात चढायचे, अंडी घालायला. दादा बॅटरी घेऊन पुढे, मी डबा घेऊन मागे, पायाला गार पाणी आणि शेवाळं. अंडी भरलेली मादी हाताला लागली तर आजी परत सोडायला लावायची. सिमेंटच्या पाईपात ते मासे चढणार नाहीत. हे मी त्या कामावरच्या माणसाला सांगितलं नाही, तो हसला असता.

पार्किंग पाहिजे ना? जुन्या आठवडी बाजाराची जागा पडून आहे, तिथे करा. पऱ्या ओलांडायचाच असेल तर साकव (छोटा पूल) बांधा, नाहीतर पूर्ण रुंदीची मोरी घाला. काठ जांभ्याने बांधा, तळाला काँक्रीट नको. जास्त पैसे लागतील, हो. मावशीचं घर पुन्हा उभं करायला काय लागलं ते तिला विचारा.

सोमवारी अकरा वाजता नगरपंचायतीत लेखी हरकत द्यायला जातेय. तोंडी बोलून ऐकत नाहीत. पऱ्या गाव नकाशात नाला म्हणून दाखवलेला आहे, ते कागद हातात असले की बोलायला बळ येतं. वरच्या वाडीतल्या कोणाकडे नकाशाची जुनी प्रत असेल तर झेरॉक्स काढून आणा. आणि गेल्या पावसाळ्यात कोणी पऱ्याचा व्हिडिओ काढला असेल तर आज रात्रीच मला पाठवा. दुथडी वाहणारा पाहिजे.