सिलिकॉन मारूनही गाडीतलं कार्पेट ओलंच? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

"तुमचा लेख वाचून पुढच्या काचेभोवती दोन ट्यूब सिलिकॉन मारलं, दारांखालची भोकंही बुजवून घेतली. तरी डाव्या बाजूचं कार्पेट ओलं ते ओलंच. लोकांचे पैसे पाण्यात घालण्याआधी नीट लिहीत चला," असं तुम्ही लिहिलंत. राग मान्य. जुन्या गाडीत पाणी येतं ते काचेच्या रबरातूनच, असं मी सरसकट लिहून गेलो. चुकलंच.

भोकांचं मात्र मी लिहिलं नव्हतं आणि ती आधी उघडा, आजच. दाराच्या काचेच्या फटीतून पाऊस आत जातोच, प्रत्येक गाडीत. तो खाली त्या भोकांतून निघून जावा अशीच रचना असते. आता ते पाणी दारातच साठणार आणि पत्रा आतून कुजणार.

आता तुमच्याच प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य वाचा: "परवा तर पाऊसही नव्हता, ठाण्याहून एसी लावून आलो, तरी पाणी." अहो, चोर तुम्हीच पकडून दिलात! एसीचा कूलिंग कॉइल आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डमागे डावीकडे असतो. मुंबईच्या दमट हवेत त्यावर सारखं पाणी धरतं आणि एका छोट्या रबरी नळीतून गाडीखाली ठिबकतं. नळी धुळीने, शेवाळाने तुंबली की तेच पाणी शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी उतरतं. अर्धा तास एसी चालवा आणि गाडीखाली वाकून बघा. जमीन कोरडी असेल तर नळीच बघायची. साफ खालून करायची, तार दामटून आत घुसवायची नाही, कॉइल फुटेल. पाणी बोटांना चिकट लागलं, वास गोडसर आला, तर मात्र ते हीटरमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. मग सरळ गॅरेज गाठा.

माझ्या गाडीची गंमत वेगळीच. ओलं व्हायचं मागच्या सीटखाली, म्हणून मी महिनाभर डिकीचं रबर तपासत बसलो. गाडी उभी असते सोसायटीतल्या गुलमोहराखाली, उतारावर, नाक वर करून. एकदा वायपरखालची जाळी उचलली तर आत दोन बोटं जाड थर, चहाच्या चोथ्यासारखा काळा. गुलमोहराची बारीक पानं कुजून निचऱ्याचं तोंड बंद झालेलं. पाणी चढून ब्लोअरच्या वाटेने आत यायचं आणि कार्पेटखालून उताराने मागे जायचं. दादरजवळच्या सखल हिंदमाताला पाणी तुंबतं म्हणजे सगळा पाऊस हिंदमातालाच पडतो असं थोडंच आहे?

पाणी कुठून शिरतं ते शोधायला गॅरेजवाल्याने सुचवलेला प्रेशर वॉशर नको. त्या जोराने पाऊस जिथे कधी जात नाही तिथेही पाणी घुसतं आणि चांगलं रबर बदनाम होतं. सोसायटीत पाइप लावू देत नसतील (आमचे सेक्रेटरी देत नाहीत) तर बादली आणि झाडांची झारी पुरते. आत एकाला टॉर्च देऊन बसवा. पाणी खालून वर घालत या, एकेका जागी पाच-दहा मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळीकडे पसरतात, मूळ कळत नाही.

आणि कार्पेट वरून हाताला कोरडं लागलं तरी विश्वास ठेवू नका. खालचा फोम दिवसेंदिवस पाणी धरून बसतो. सीट काढून कार्पेट उचला, फोम मुठीत दाबून बघा. नाहीतर नळी साफ झाल्यावरही ओल दिसेल आणि तुमची पुढची प्रतिक्रिया याहून तिखट येईल.