गाडीला हुडहुडी भरली

आमच्या गाडीत डॅशबोर्डवर मान डोलावणारा नंदी आहे. पूर्वी तो फक्त खड्ड्यात मान डोलवायचा. ऐन पावसाळ्यात एकदा सिग्नलला गाडी उभी असताना तो एकटाच जोरजोरात हो-हो म्हणायला लागला. पाठोपाठ आरसा थरथरला, मग स्टिअरिंग, मग मी. "गाडीला हुडहुडी भरलीय," मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. अंगावरची शाल बॉनेटवर पांघरायची तेवढी त्यांनी बाकी ठेवली.

गाडी 2003 सालची, 796 सीसीची, तीन सिलिंडरवाली. लेकीपेक्षा वयाने मोठी, म्हणून घरात तिचा मानही मोठा. नुसती थरथर चालवून घेतली असती, पण पिकअपही गेलं. दिवाळीनंतर साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढाला मी अॅक्सिलरेटर पार पत्र्याला टेकवला, तरी ती दुसऱ्या गिअरमध्ये घर्रर्र करत जागच्या जागी कण्हत होती. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवून पुढे निघून गेला. उसावर बसलेल्या पोराने मला टाटा केला.

दुखणं बोलून दाखवलं की वैद्य दारोदार. खालच्या मजल्यावरचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांच्या मते टाकीत गाळ साचलेला. मेव्हण्याला पित्ताचा त्रास, त्याला पेट्रोलमध्ये भेसळ दिसली. मी कुणाचंच मन मोडलं नाही. पेट्रोल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी धुऊन घेतली, तिन्ही प्लग नवे घातले. दर बिलानंतर दोन दिवस गाडी बरी वाटायची. खर्च केला की वाटतंच.

मेस्त्रींनी बॉनेटला कान लावला. "मिसिंग मारतीय. हेड खोलायला लागंल." हेड खोलायचा आकडा ऐकून माझंच डोकं उठलं.

बायको मात्र पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती, "आत पाल चुकचुकतेय." मी हसलो होतो. पालीवर इलाज करणारं गॅरेज माझ्या माहितीत नव्हतं.

मग एका रात्री पार्किंगमधली वीज गेली. बॉनेट उघडं, इंजिन चालू, आत मिट्ट काळोख. आणि त्या काळोखात मधल्या सिलिंडरच्या प्लग वायरमधून बारीक निळी ठिणगी निघून शेजारच्या लोखंडावर उडी मारत होती. चुक. चुक. चुक. पालच! "कुठे गं?" म्हणून मी बोट पुढे केलं, तो असा झटका बसला की कोपरापर्यंत हात माझा राहिला नाही. बायको म्हणाली, "तिथेच."

सकाळी मेस्त्रींनी रबराचे हातमोजे घालून एकेक वायर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन गचके खात बंद पडायला आलं. तिसरी काढली, तेच. मधली काढली तर काही फरकच नाही. नंदी आधीसारखाच डोलत होता. वायरीच्या रबराला केसाएवढी चीर, त्यातून ठिणगी बाहेरच्या बाहेर पळायची, सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायचंच नाही. तीन बैलांतला एक इतके महिने नुसता जू मानेवर घेऊन चालत होता आणि त्याच्या वाटचं दोघे ओढत होते. वायरींचा सेट बदलायला दहा मिनिटं लागली. आधीच्या बिलांत तसले सातआठ सेट सहज आले असते, हा हिशेब मी घरी सांगितलेला नाही.

परवा सिग्नलला थांबलो. थरथर नाही, आवाज नाही, नंदी ध्यानस्थ. इतकी शांतता, की मला वाटलं गाडी बंद पडली. मी झटकन चावी फिरवली. चालू इंजिनात स्टार्टर असा काही खर्रर्र किंचाळला, की शेजारच्या रिक्षावाल्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.

मेस्त्री म्हणाले, "घेऊन या, स्टार्टर खोलून बघू."