गाळ निघाला, मोटारींचं काय?

गाळ काढण्यावरच्या एका लेखात म्हटलंय, गावतलावातला गाळ काढला की दुष्काळी शिवार सावरतं. खरंय, पण अर्धंच. आमचा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळी कामावरचा. आजीने तिथे पाट्या वाहिल्यात. २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. तेव्हा डिझेल सरकारचं होतं, वाहतूक आपली. मुरमाड पट्टीत वीतभर गाळ पसरला. दिवाळीतच माना टाकणारी तूर आता तग धरते. (पहिल्या वर्षी तण मात्र बेसुमार!) पण पाणी दिसताच काठावर मोटारी बसल्या नि ऊस आला. फेब्रुवारीत तळ उघडा. पाझर तलावातलं पाणी थेट उपसायचं नसतं, खालच्या विहिरींना मुरू द्यायचं असतं. हे ग्रामसभेत बोलणार कोण? ऊसवाले आमचेच चुलते.