बायकांमधली लक्षणंही यायला हवी होती

स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा थांबण्याचा आजार, यावरच्या तुमच्या लेखात जाड मान, मोठ्यानं घोरणं, गाडी चालवताना डुलकी ही लक्षणं छान समजावली आहेत. पण हे सगळं वर्णन पुरुषाचं झालं. पाळी गेल्यावर बायकांमध्येही हा आजार वाढतो, आणि त्यांची तक्रार बहुतेकदा वेगळीच असते: रात्री सारखी जाग येते, सकाळी डोकं जड, दिवसभर अंगात त्राण नाही. ‘वयच झालं’ म्हणून विषय संपतो, याचा मला फार राग येतो.

आमच्या मावशीला किती तरी दिवस टॉनिक आणि झोपेच्या गोळ्याच मिळत होत्या. काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडू शकतात, हे कुणी सांगितलंच नाही. मावसबहीण तिच्याजवळ झोपली तेव्हा कळलं. घोरणं एकदम बंद, पोट वरखाली होतंय पण हवा आत जात नाही, मग गचका देऊन मोठा श्वास. सकाळी मावशीला यातलं काहीच आठवत नव्हतं!

झोपेच्या तपासणीत श्वास किमान 10 सेकंद थांबण्याचे किंवा उथळ होण्याचे प्रसंग मोजतात. तासाला 5 ते 15 म्हणजे सौम्य, 30 किंवा जास्त म्हणजे तीव्र.

रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागणं, गोळ्या वाढवूनही बीपी न उतरणं, हीसुद्धा लक्षणं असू शकतात. घरात कुणाचं असं होत असेल तर झोपेतला मोबाइलवरचा व्हिडिओ डॉक्टरांना जरूर दाखवा.