गाय कुठली ते सोडा, गव्हाणीत काय आहे ते सांगा

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परत तोच वाद पेटला, देशी गाय की एचएफ, म्हणजे परदेशी होल्स्टीन-फ्रिजियन. एकाने व्हिडिओ टाकला की जर्सी-एचएफ हाकलून द्या, खिल्लार पाळा. दुसरा म्हणाला भावनेवर घर चालत नाही, डेअरीत वशिंड बघत नाहीत, लिटर बघतात. मग 2024 च्या सप्टेंबरात सरकारने देशी गाईला राज्यमाता जाहीर केलं ते निघालं, गोशाळेतल्या गाईला दिवसाला 50 रुपये मग आमच्या दावणीच्या गाईला काय हे निघालं, आणि दोघं जण ग्रुप सोडून गेले. मी हे सगळं इथे नेदरलँड्समध्ये, लेवार्डनहून झ्वोलेला जाताना ट्रेनमध्ये वाचत होतो. एवढे शेकडो मेसेज, सगळी शेतकऱ्यांची पोरं, आणि एकानेही विचारलं नाही की बाबा तुझी गाय खाते काय.

मला राग याचा येतो. दुधाच्या खर्चातला 60-70 टक्के खर्च खाद्यावर जातो हे प्रत्येक दूधवाल्याला माहितीय, आणि तरी वाद मात्र वंशावळीवर. देशी गाय असो नाहीतर संकरित, तिने खाल्लेल्यातलं पहिलं तिचं स्वतःचं शरीर चालवायला जातं, उरेल त्याचं दूध. नुसत्या काडावर आणि मूठभर पेंडीवर ठेवलेली गाय दोन-तीन लिटरवर अडकते ती जातीमुळे कमी आणि पोटामुळे जास्त. आणि ज्या मिथेनवरून जग आपल्याला बोलतं तोही तिथेच आहे, निकस चारा पोटात जास्त वेळ आंबतो, गॅस होतो आणि दूध थोडं, म्हणून लिटरमागे मिथेन जास्त दिसतो.

इथे माझ्या शेजाऱ्याकडे नव्वद गाई आहेत. मे महिन्यात पहिली कापणी झाली की मुरघासाच्या, म्हणजे दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या ढिगावर प्लॅस्टिक आणि टायर चढतात, मग त्याचा नमुना लॅबला जातो, कोरडा भाग किती, प्रथिनं किती, पचतं किती, सगळा कागद किचनच्या टेबलावर पडलेला असतो. दुधाच्या टाकीतला युरियाचा आकडा वर गेला की तो खाद्य बदलतो, म्हणजे गाईने जास्तीची प्रथिनं खाल्ली आणि ती मुतात वाया गेली हे त्याला दूध सांगतं. आपल्याकडे डेअरीची पावती फॅट आणि एसएनएफला (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) संपते, आणि ते कमी लागलं की आपण डेअरीवाल्याशी भांडतो, गव्हाणीत बघत नाही.

आता कोणी म्हणेल याला तिकडचं सगळंच सोनं दिसतं. तसं नाही. 2019 ला इथल्या कोर्टाने नायट्रोजन बाहेर सोडण्याचे परवाने देण्याची पद्धतच मोडीत काढली, तेव्हापासून शेतकरी आणि सरकार एकमेकांच्या नरडीला लागलेत, 2022 च्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्याला खांबाखांबावर निषेधाचे उलटे झेंडे होते. एवढ्याशा देशात पंधरा लाखांच्या आसपास दुभत्या गाई, त्यांच्यासाठी ब्राझीलहून जहाजाने सोया येतो आणि शेण-मूत इथेच राहतं, जमिनीला झेपत नाही. हे मॉडेल आपल्याकडे माळशिरसला नेऊन बसवा असं मी कधीच म्हणणार नाही.

उलट इथे मी भांडतो. ऑफिसात दुपारी चीजचा ब्रेड खाता खाता एक सहकारी सहज म्हणाला, तुमच्याकडे गाई फार आहेत, जगाने त्याचं काहीतरी केलं पाहिजे. मी ताडकन बोललो. म्हटलं जगातली जनावरं जे खातात त्यातलं 86 टक्के माणसाला खाताच येत नाही असं एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या शास्त्रज्ञांनीच 2017 ला मांडलंय, आमची म्हैस कडबा, काड, पेंड खाते, माणसाचं धान्य काढून झाल्यावर जे उरतं ते खाऊन दूध देते आणि वर शेणखत देते, तुझ्या गाईच्या सोयासाठी मात्र दुसऱ्या खंडात जमीन नांगरावी लागते. तो गप्प बसला. मला फार बरं वाटलं, आणि त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकून आपल्याच लोकांना झापलं की तुम्हाला जनावर पाळता येत नाही. दोन्ही वेळेला मी खरंच बोललो असं मला अजूनही वाटतं.

कारण आपल्याकडे ज्ञान नाही असं नाहीये. गव्हाच्या काडाच्या 100 किलोला 4 किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि 21 दिवस हवाबंद दाबून ठेवायचं, काड मऊ पडतं, पचतं, हे किती वर्षांपासून सांगितलं जातंय. एनडीडीबीने (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने) तर गावातलीच माणसं तयार करून गोठ्यात पाठवली होती, टेपने गाईच्या छातीचा घेर मोजून वजन काढायचं, दूध किती, घरात चारा कुठला, ते सॉफ्टवेअरमध्ये भरायचं आणि घरच्याच वस्तूंमधून स्वस्तातला संतुलित आहार काढून द्यायचा. परदेशातून काही आणायचं नाही. हैदराबादच्या बाजारात ज्वारीचा कडबा थोडा जास्त पचणारा असला तर व्यापारी चढा भाव देतात हे इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या शेती संशोधन संस्थेच्या अभ्यासात निघालं, म्हणजे कडब्याची पारख आपल्या माणसाला नजरेने आहे. आमचे आण्णा मालदांडी ज्वारीचा कडबा हातात घेऊन नुसतं वाकवून बघायचे आणि सांगायचे ठेवायचा का विकायचा. ज्वारी गेली, शेतात ऊस आणि सोयाबीन आलं, कडबा महागला आणि ती पारखही त्याच्याबरोबर गेली. यावर ग्रुपवर एक मेसेज नाही.

मला हे एवढं का लागतं ते सांगतो.

आण्णांची एक एचएफ होती, तिसऱ्या वेताची, अठरा लिटरची. त्या वर्षी कारखान्याचा सीझन जोरात होता, तोडकऱ्यांकडून उसाचं वाडं स्वस्तात मिळायचं, महिने महिने तेच घातलं, आम्हीच काय सगळं गाव तेच घालत होतं. व्याली आणि दुसऱ्या रात्री बसली ती उठेना. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान गार. मी बॅटरी धरून उभा. डॉक्टर दुसऱ्या गावात अडकले होते, ते पहाटे आले तोवर संपलं होतं. आण्णा उजाडेपर्यंत दावं हातात घेऊन बसले होते.

तीन वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या गोठ्यात अगदी तशीच मान वळवून बसलेली गाय बघितली. त्याने कपाटातून कॅल्शियमची बाटली काढली, हाताने कोमट केली, सुई लावली आणि एकदम नको, हळूहळू जाऊ दे म्हणत बाटली धरून उभा राहिला. अर्ध्या-पाऊण तासाने ती धडपडत उठली, शेण टाकलं. तो हात धुवून कॉफीला गेला. मला जागचं हलता येईना. वाड्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं हे मला त्यानंतर वाचून कळलं. आमची गाय नुसत्या वाड्यामुळेच गेली असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, व्याल्यावर एवढ्या दुधाच्या गाईचं कॅल्शियम असं घसरू शकतंच. पण साधं खनिज मिश्रण आमच्या घरात नव्हतं, ती बाटली नव्हती, आणि शिकलेला मुलगा मीच होतो.

म्हणून मी ग्रुपवर ओरडतो. दादा एकदा म्हणाला, तू तिथं बसून सांगू नको, महिनाभर येऊन शेण काढ मग बोल. मी दोन दिवस फोन केला नाही. त्याचं चुकलं नव्हतं, पण गोठ्यावर बोलायचाही हक्क गेला तर त्या घरात माझं राहिलं काय, सातबाऱ्यावर नाव आणि दिवाळीला पाठवलेले पैसे?

या डिसेंबरात त्याचाच फोन आला. म्हणाला वाडं सुरू झालंय, दुसरं परवडत नाही, वाड्यावर चुन्याची निवळी मारतात म्हणे, किती मारायची ते तुझ्या त्या शेजाऱ्याला विचार. मी धावत गेलो, खरं सांगतो, त्याने मला विचारलं याचाच आनंद एवढा होता. शेजाऱ्याला उसाचं वाडं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मी फोनवर फोटो दाखवला, त्याने चष्मा लावून बघितला आणि म्हणाला हे गाय खाते?

उत्तर शेवटी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी दिलं, दादाच्या घरापासून आठ किलोमीटरवर. निवळी कशी धरायची, खनिज मिश्रण रोज किती, आणि वाड्याबरोबर थोडा तरी मेथी घास पाहिजेच, कडबाकुट्टीतून काढूनच घाला. दादाने मला ते सगळं व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं, मागे कुट्टी मशीनचा आवाज येत होता. मी तो मेसेज ग्रुपवर टाकलाय. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.