मला लक्षात ठेवू नकोस, प्लीज

परवा इथल्या, म्हणजे टोकियोतल्या, एका मराठी ग्रुपवर कुणीतरी जपानी आयडॉल्सच्या हँडशेक इव्हेंटची जुनी बातमी टाकली आणि खाली लगेच नेहमीचं सुरू झालं. बिचारे एकटे पुरुष, पाच सेकंद हात हातात घ्यायला पैसे मोजतात, लग्नं होत नाहीत म्हणून हे असले धंदे, समाजच पोकळ झालाय, आपल्याकडे बरं आहे बाबा वगैरे वगैरे. मी बसमध्ये वाचत होते आणि हसू आवरत नव्हतं, कारण त्या रांगेत मी स्वतः उभी राहिलेली आहे. बाई आहे, चाळिशीच्या जवळ आहे, नवरा आहे, तो घरी पोरीला पोहे करून घालत होता तेव्हा मी स्लॉट चुकेल म्हणून स्टेशनकडे पळत होते. त्यामुळे आज जरा सविस्तर लिहिते, मोठी पोस्ट आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण कमेंट करणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे काय असतं तेच माहीत नसतं. आयडॉल म्हणजे नुसती गायिका नाही. तिने उत्तम गावं अशी अपेक्षाही नसते खरंतर, तिला घडताना बघायचं असतं. 2005 च्या डिसेंबरमध्ये अकिहाबाराला डॉन किहोते नावाच्या भल्यामोठ्या दुकानाच्या आठव्या मजल्यावर एकेबी48 या आयडॉल ग्रुपचं छोटं थिएटर सुरू झालं, अडीचशे माणसं मावतील एवढं, आणि पहिल्या दिवशी तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते फक्त 7. प्रोड्युसर अकिमोतो यासुशी यांची कल्पना अशी की टीव्हीत लांबून दिसणारी नाही, जाऊन भेटता येईल अशी आयडॉल. तिथून ते वाढत वाढत जकार्ता, बँकॉकपर्यंत गेलं. मुंबईसाठीसुद्धा एमयूएम48 ची घोषणा झाली होती बरं का, पण तो ग्रुप काही उभा राहिला नाही. (मी तेव्हा वेड्यासारखी खूश झाले होते, बोरिवलीच्या बहिणीला ऑडिशनला भाचीला पाठव म्हणून सांगितलं होतं. भाची तेव्हा बालवाडीत.)

आणि चाहत्यांना थेट भेटून सीडी विकायची गोष्ट त्याच्याही आधीची. मॉर्निंग मुसुमे या आयडॉल ग्रुपच्या पहिल्या पाच मुलींना 1997 साली सांगितलं होतं की पाच दिवसांत 50,000 सीडी स्वतः समोर उभं राहून विकून दाखवा, मग तुमचा डेब्यू. दाखवल्या विकून.

माझा ग्रुप नोगिझाका46, 2011 साली एकेबीचा ऑफिशियल रायव्हल म्हणून काढलेला, तोही अकिमोतोंचाच, म्हणजे स्पर्धक पण घरातलाच. त्यातली माझी ओशी, म्हणजे जिच्यावर आपला जीव ती मेंबर, कोण ते लिहीत नाही. लिहिलं की मूळ मुद्दा राहील बाजूला आणि कमेंट्समध्ये तुझी चांगली की माझी चांगली सुरू होईल, ओळखते मी तुम्हाला.

सिस्टिम साधी आहे. सीडी ऑनलाइन मागवताना मेंबर निवडायची, तारीख निवडायची, दिवसातला स्लॉट निवडायचा, मग लॉटरी. लागली तर एका सीडीमागे हँडशेकचं एक तिकीट. कोविडच्या आधी किंमत हजार येनच्या आसपास होती, तेव्हाच्या भावाने साडेसहाशे रुपये धरा. एका तिकिटाला मिळतात काही सेकंद, चार-पाच तिकिटं एकदम दिली तर तेवढा वेळ सलग मिळतो. पॉप्युलर मेंबरचे स्लॉट पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच संपतात.

मी जायचे ते कोविडच्या आधी, माकुहारी मेस्से नावाच्या प्रदर्शनाच्या हॉलला. निशी-कासाईहून बसने कासाई-रिंकाई-कोएन आणि तिथून केइयो लाइन. त्या लाइनवर पुढचंच स्टेशन माइहामा, म्हणजे डिस्नीलँड, त्यामुळे डब्यात मिकीचे कान घातलेली पोरं, स्ट्रोलर, आयांची धावपळ, सगळा गोंधळ माइहामाला उतरतो आणि मागे राहतो आम्ही. पाठीला बॅकपॅक, बॅगेतून डोकावणारा टॉवेल, त्यावर कुणाचं तरी नाव. कोणी कोणाशी बोलत नाही पण सगळ्यांना माहीत असतं कोण कुठे चाललंय ते. मला हा प्रवास फार आवडायचा.

हॉल म्हणजे एखाद्या औद्योगिक प्रदर्शनाला असतो तसा प्रचंड, सिमेंटची जमीन, वर लोखंडी छत, थंडीत गारठा. बॅग तपासतात, मेटल डिटेक्टर फिरवतात. हे असं का ते सगळ्यांना ठाऊक आहे. 25 मे 2014 ला इवाते प्रांतात ताकिझावाला एकेबीच्या हँडशेकमध्ये एक माणूस करवत घेऊन शिरला, दोन मेंबर्स आणि एक स्टाफ जखमी झाले. तेव्हापासून सगळीकडेच कडक. मग आयडी, माझ्यासारखीला रेसिडेन्स कार्ड, मग मेंबरच्या नावाची पाटी लावलेली लेन. पुढे पोचलो की बॅग प्लास्टिकच्या टोपलीत, दोन्ही हात पुढे करून तळवे दाखवायचे, तिकिटं द्यायची, स्टाफ मोठ्याने आकडा सांगतो, किती तिकिटं ते. आणि मग पडद्याआड, टेबलापलीकडे, ती.

रांगेत लोक काय करतात माहितीये? पाठांतर. खरंच. ओठ हलत असतात. पाच सेकंदांत काय बोलणार, तर एकच वाक्य, आणि ते असं हवं की तिला उत्तर देता आलं पाहिजे आणि उत्तर ऐकायलाही वेळ उरला पाहिजे. माझ्या पुढे एकदा पन्नाशीचे एक गृहस्थ होते, सूट घातलेला, रुमालाने तळहात पुन्हा पुन्हा पुसत होते आणि पुटपुटत होते, "गेल्या आठवड्याचा रेडिओ छान झाला, गेल्या आठवड्याचा रेडिओ छान झाला." आत गेले, बाहेर आले, चेहरा बघून कळलं की बोलले भलतंच. मीही पहिल्या वेळी घरून जपानीत तयार केलेलं सगळं विसरून नुसतं "थँक यू" म्हणून आले. इंग्लिशमध्ये!

मागे एक माणूस उभा असतो, त्याला हागाशी म्हणतात. टाइम झाला की तो खांद्याला हात लावून तुम्हाला बाजूला सरकवतो. लोकांना हे फार अपमानास्पद वाटतं बाहेरून बघताना. मला नाही वाटलं. मला उलट तो व्यवहार स्वच्छ वाटला. इतके पैसे, इतके सेकंद, हात पुढे, हात मागे, चला. कोणी कोणाला फसवत नाही. लग्नाच्या रिसेप्शनला तासभर रांगेत उभं राहून स्टेजवर जातो, नवरा-नवरीला आपण कोण ते ठाऊकही नसतं, त्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे असं माझं मत.

मग माझं म्हणणं काय? तर असं की त्या कमेंटवाल्यांना बिचारा वाटतो तो चाहता. तो बिचारा नाही हो. तो घरून ठरवून आलाय, त्याला आवडतंय, पाच वाजता घरी जाईल, वाटेत रामेन खाईल. विचार करायचाच तर टेबलापलीकडच्या मुलीचा करा.

एकदा मला बाजूला सरकवलं गेलं तेव्हा मी नेमकी टेबलाच्या कडेला आले आणि खाली नजर गेली. तिने एक पाय बुटातून काढून दुसऱ्या पायावर टेकवला होता, बोटं आखडून घेतलेली. वर चेहरा पुढच्या माणसाकडे वळलेला, तेच हसू, तोच आवाज एक पट्टी वर. सकाळपासून रात्रीपर्यंत पाच-सहा स्लॉट, एकेक स्लॉट दीडेक तासाचा, मध्ये जेवणखाण, मेकअप, की परत उभी. वय वीसच्या आतबाहेर.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, पंढरपूरला पदस्पर्शाला लोक तासन् तास उभे राहतात आणि डोकं टेकतंय न टेकतंय तोवर पुढे ढकलतात, त्यात नवल ते काय?" मला आधी हे बरोबर वाटलं, ऑफिसात दोघातिघांना ऐकवलंसुद्धा. पण तो पाय बघितल्यापासून नाही वाटत. विठोबाचे पाय दुखत नाहीत. आणि वारकरी परत येऊन असं म्हणत नाही की माझ्याकडे नीट बघितलं नाही त्याने.

इथे म्हणतात. त्याच रात्री ट्विटरवर. इव्हेंटवरून आलं की लोक रिपोर्ट लिहितात, मी असं म्हणालो, ती असं म्हणाली, नाटकाच्या संवादासारखं. यातले कितीतरी फार गोड असतात, मी झोपायच्या आधी वाचते. पण तिथेच मार्कही दिले जातात. छान बोलली की कामि-ताइओ, देवासारखी वागली. थकलेली असली, जरा थंड वाटली, की शिओ-ताइओ, मीठ. कुणीतरी तिसऱ्या स्लॉटला गेलेला असतो, ती दमलेली असते, हा घरी जाऊन लिहितो मीठ, आणि ते मग हजारभर लोक वाचतात. तीही वाचत असणार, सगळ्या वाचतात. अरे, पाच सेकंदांत तू तरी कितीसा गोड होतास?

आणि यापुढची पायरी म्हणजे निन्ची. तिने आपल्याला ओळखायचं. नाव, चेहरा, मागच्या वेळी काय बोलणं झालं ते. या एका गोष्टीसाठी लोक ढीगभर सीडी घेतात, प्रत्येक स्लॉटला परत परत जातात, तोच टी-शर्ट, तोच चष्मा, चेहरा बसावा म्हणून. त्या सीडींचं पुढे काय होतं तेही ऐका, 2017 मध्ये फुकुओका प्रांतात डोंगरात एकेबीच्या 585 सीडी फेकलेल्या सापडल्या आणि फेकणाऱ्यावर पोलीस केस झाली. त्या एकेबीच्या इलेक्शनच्या (चाहते आवडत्या मेंबरला मतं द्यायचे ते) मतांसाठी घेतलेल्या होत्या, हँडशेकच्या नव्हे, पण गणित तेच. प्लास्टिक मागे उरतं.

मला निन्ची फुकटात मिळाली. त्या रांगेत टिकली लावलेली सावळी बाई दुसरी कोण असणार! पुढच्या वेळी गेले तर हात पुढे करायच्या आत तिनेच म्हटलं, "आ, इंदो नो!" म्हणजे ती इंडियावाली. काय सांगू, माइहामाला डिस्नीवाली गर्दी चढली, माझ्या पायावरून स्ट्रोलर गेला, मला पत्ता नाही. नवऱ्याला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा तो म्हणाला, "कळलं गं, इंडियावाली, भांडी कोण घासणार?"

पण दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी पुढच्या वेळी काय घालून जायचं याचा विचार करतेय. कुर्ता घालू का, मोठी टिकली लावू का, म्हणजे पटकन ओळखेल. आणि तिने नाही ओळखलं तर? तर मला वाईट वाटणार होतं. कशाचं वाईट? तिकिटावर कुठे लिहिलंय की लक्षात ठेवू म्हणून? दिवसाला शेकडो चेहरे तिच्यासमोरून जातात, त्यातला माझा तिने डोक्यात जपून ठेवावा ही मागणी मी कुठल्या हिशोबात करत होते? मैत्रिणींची नावं मी विसरते, सोसायटीतल्या काकूंना दुसऱ्याच काकू समजते.

हे मी उगाच मोठं करतेय असं वाटत असेल तर निगाताच्या एनजीटी48 चं, म्हणजे एकेबीच्याच तिथल्या ग्रुपचं, बघा. डिसेंबर 2018 मध्ये तिथल्या एका मेंबरवर तिच्या राहत्या घराच्या दारात दोन पुरुष चाहत्यांनी हल्ला केला. जानेवारीत तिने स्वतःच ते जाहीर केलं आणि त्यानंतर थिएटरच्या स्टेजवर माफी कोणी मागितली? तिनेच. झाल्या प्रकाराने सगळ्यांना त्रास झाला म्हणून. मी तो दिवस विसरू शकत नाही, ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडले होते. सगळे चाहते असे नसतात, कबूल, शंभर टक्के कबूल, मी त्यांच्यातच आहे आणि बहुतेक लोक त्या सूटवाल्या गृहस्थांसारखे असतात. पण तू मला ओळखतेस, मग तुझं माझं काहीतरी आहे, ही जी सरकत जाणारी पट्टी आहे ना, तिचं एक टोक निन्चीत आहे असं मला वाटतं. चाहते लोक चिडतील, चिडा.

म्हणून कोविडमध्ये जेव्हा सगळं बंद झालं आणि 2020 मध्ये नोगिझाकाचं ऑनलाइन मीट अँड ग्रीट सुरू झालं, तेव्हा सगळे हळहळत होते आणि मला मनातून हायसं वाटलं. फोनवर व्हिडिओ कॉल, वेळ संपली की आपोआप कट, हागाशीची गरज नाही. हाताचा स्पर्श नाही म्हणून लोक अजून कुरकुरतात. मला तर उलट बरं दिसतं, ती कुठेतरी खोलीत आहे, आपण आपल्या घरात, मध्ये काच. बूट काढून आरामात बसली असेल तर कोणाला दिसतंय? एकदा माझ्या कॉलमध्ये मागून पोरगी "आई, शी झाली" म्हणून ओरडली, मराठीत, ओशीला अर्थातच काही कळलं नाही, ती हसून हात हलवत राहिली आणि कॉल कट. माझा रिपोर्ट एवढाच.

अजूनही स्लॉट घेते. एका वेळी थोडेच घेते आणि दरवेळी पहिल्यांदा आल्यासारखी बोलते. मागच्या वेळचा उल्लेख नाही, मी कोण ते नाही. नवीन गाणं आवडलं, नाचात तो हात वळवतेस ते आवडलं, जेवलीस का नीट, बास. तिने ओळखलं तर ओळखलं, तिची मर्जी.

इनबॉक्समध्ये पुण्याहून दोघींनी विचारलंय की टूरिस्ट व्हिसावर येऊन हे जमेल का. अवघड आहे, सीडी पाठवायला जपानमधला पत्ता लागतो आणि लॉटरी बरीच आधी होते. त्यापेक्षा कॉन्सर्टचं किंवा अकिहाबाराच्या थिएटरचं बघा. आणि गेलात, आणि एखादी मेंबर दमलेली दिसली, तर कृपा करून घरी जाऊन मीठ लिहू नका.