सोवळ्यातला डॉलर

अमेरिकेत गुरंढोरं न पाळता त्यांच्या जिवावर जगायचं मनात असेल, तर आधी एक कायदा देवघरात नेऊन ठेवा. १९८५चा गोमांस कायदा. विकलेल्या प्रत्येक जनावरामागे पाळणाऱ्याने एक डॉलर द्यायचा, राजीखुशीने नव्हे, सक्तीने. याला तिकडे ‘चेकऑफ’ म्हणतात. (उसाच्या बिलातल्या कपाती मोजून थकलेल्यांना जास्त समजवायला नको.) हा पैसा जाहिरातीला आणि संशोधनाला, सरकारी धोरण वळवायला त्यातली दमडीही चालत नाही. पैसा सोवळ्यातला.

घाबरू नका. सोवळं मोडायचं नसतं, शेजारी एक ओवळी खोली काढायची असते.

संघटना अशी हवी, जिचा एक हात चेकऑफची कंत्राटं घेईल आणि दुसरा सभासदांच्या वर्गणीवर वॉशिंग्टनमध्ये लॉबिंग करील, म्हणजे सरकारी धोरण आपल्याकडे वळवायची खटपट. नॅशनल कॅटलमेन्स बीफ असोसिएशनला हे छान जमलं आहे. चेकऑफचा पैसा सांभाळणाऱ्या बीफ बोर्डाची सर्वांत मोठी कंत्राटदार तीच. दोन हातांच्या मध्ये हिशेबाची भिंत असते म्हणे. २०१०च्या तपासणीत भिंतीला भोकं सापडली, तेव्हा दोन लाखांहून अधिक डॉलर परत करावे लागले. तुम्हीही करा. पंचगव्य घेतल्यासारखं वाटतं.

शेतकरी कोर्टात गेला तर? जाऊ द्या. २००१मध्ये अशाच सक्तीच्या कपातीविरुद्ध मश्रूमवाले जिंकले होते खरे: न पटणाऱ्या जाहिरातीचे पैसे आमच्याकडून का उकळता? तोच प्रश्न गोमांसवाल्यांनी नेला, तर २००५ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही जाहिरात म्हणजे सरकारचंच बोलणं, आणि त्यासाठी सक्तीने पैसे घेता येतात. तेव्हा शेतकऱ्याला सांगायचं ‘जाहिरात तुमची’, आणि कोर्टाला ‘सरकारची’. उलटसुलट होऊ देऊ नका.

मतदानाचीही धास्ती नको. डुकरांच्या विक्रीवरही असाच चेकऑफ आहे; २००० साली डुक्करपालकांनी बहुमताने तो नको म्हटलं. पुढच्या वर्षी सरकार बदललं, नव्या कृषिमंत्र्यांनी तडजोड केली आणि कपात चालू राहिली.

पण खरी कारागिरी बघायची तर डुकराच्या मांसाची घोषणा बघा. ‘द अदर व्हाइट मीट’, म्हणजे कोंबडीसारखंच हेही पांढरं मांस. १९८७ची. मालकी नॅशनल पोर्क प्रोड्यूसर्स कौन्सिलची, जिचं कामच लॉबिंग. २००६मध्ये चेकऑफवर चालणाऱ्या पोर्क बोर्डाने ती विकत घेतली: वर्षाला सुमारे तीस लाख डॉलर, वीस वर्षं. २०११मध्ये बोर्डाने नवी घोषणा आणली, जुनी बासनात गेली. हप्ते मात्र चालूच राहिले. घोषणा निवृत्त झाली आणि तिची पेन्शन तिच्या जुन्या मालकाला! लॉबिंगला कुणी पैसे दिले? छे, छे. लॉबिंग करणाऱ्याकडून चार शब्द घेतले, एवढंच.

यावर एक डुक्करपालक खटल्यात उतरला. २०१८मध्ये खालच्या कोर्टाने ऐकलंही. २०१९मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, या व्यवहाराने तुझं नुकसान झालं हे तू दाखवलेलं नाहीस, सबब दावा लावण्याचा तुला अधिकार नाही. पैसे देण्याचा होता, तो अबाधित आहे.

तर आजच कामाला लागा. चार शब्द सुचवा. ते खपायलाच हवेत असं काही नाही. मालकी तेवढी आपल्या नावावर करून घ्या, आणि करारात ‘वीस वर्षं’ अक्षरी लिहायला विसरू नका.